केल आणि ब्रोकोली बियांपासून: हिंडलग्याकडच्या परड्यातला जवळजवळ वर्षभराचा अनुभव

आमचं परडं बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलगा-उचगाव पट्ट्यात. तांबडी माती, पाण्याचा निचरा चांगला, पण आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. या भागात कोबी, बटाटा, रताळी पिढ्यान्‌पिढ्या पिकतात आणि इथली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते, त्यामुळे केल-ब्रोकोली लावण्यात जगावेगळं काही नाही. केल ही पालेभाजी, ब्रोकोली गड्ड्याची, दोन्ही कोबीच्याच गोतातली. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभी हयात कोबी केला. ट्रेमधली रोपं बघून म्हणाले, "ह्ये कोबीचंच हाय की गं!" आणि पुढचं निम्मं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं.

केलच्या तीन जाती होत्या: कुरळ्या पानाची 'वेट्स', लांब काळपट पानाची टस्कन (पाकिटावर 'नेरो दी तोस्काना') आणि जांभळ्या देठाची 'रेड रशियन'. ब्रोकोलीत 'वॉल्थम २९', कुलू खोऱ्यातल्या कटराईन कृषी संशोधन केंद्राची 'पुसा केटीएस-१' आणि लवकर येणारी एक संकरित जात. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या बियाण्याबरोबर 'पर्पल स्प्राउटिंग'चं एक पाकीट फुकट आलं.

त्या फुकटच्या पाकिटाचं आधी उरकते. ही जात तुरे धरायला लांबलचक कडक थंडी मागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ अंश, कधी त्याच्या खाली, आणि दुपारी पुन्हा छान ऊन. झाडं माझ्या कमरेला आली, पानं सुपाएवढी झाली, फूल एक नाही. शेजारच्या शेळ्या खूश झाल्या. आपल्या हवेत ती लावू नका.

पेरणीची वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट. पितृपंधरवड्याच्या सुमारास बी ट्रेत टाकायचं, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधे रोपं जमिनीत जातात आणि ब्रोकोलीचा गड्डा बरोब्बर थंडीत भरतो. ब्रोकोलीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्या. दिवसाचं तापमान २५-२७ च्या वर जात राहिलं की त्या सैल पडतात, मधूनच पानं डोकावतात, आणि दोन दिवस तोडायला उशीर झाला की पिवळी फुलं. मी डिसेंबरात दुसरी पेरणी मुद्दाम करून पाहिली. त्या झाडांचे गड्डे फेब्रुवारीअखेर आले, ते लिंबाएवढेच राहून फुटले.

रोपं करणं अवघड नाही. ९८ कप्प्यांचा ट्रे, कोकोपीट, त्यात थोडं गांडूळखत, बी अर्धा सेंटिमीटर खोल. चौथ्या-पाचव्या दिवशी उगवतं. उगवल्या क्षणी ट्रे उजेडात हवा. पडवीत ठेवला की रोपं लांबडी होऊन आडवी पडतात. घाण्या रोग, म्हणजे काळी कूज, बियाण्यातून येतो, म्हणून मामांनी पेरण्याआधी बी ५० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायला लावलं. त्यासाठी थर्मामीटर लागतोच, हाताच्या अंदाजाने केलंत तर बी शिजेल. संकरित आणि 'पुसा'चं बी जवळजवळ सगळं उगवलं. 'रेड रशियन'चं निम्मं मेलं. पाकिटावर पॅकिंगची तारीखच नव्हती, तेव्हाच शंका यायला हवी असं पाकीट. तारीख नसलेलं बियाणं कितीही सुंदर फोटोचं असो, घेऊ नये.

साधारण महिन्याची, चार-पाच पानांची रोपं दीड-दीड फुटावर लावली. आपल्या तांबड्या मातीतून पावसाने बोरॉन धुऊन जातं, आणि ब्रोकोलीला ते कमी पडलं की दांडा आतून पोकळ होतो, गड्ड्यावर तपकिरी डाग येतात. चौरस मीटरला एक-दीड ग्रॅम बोरॅक्स शेणखतात नीट कालवून दिला. जास्त झालं तर तेच विष, चिमटीने नको, काट्यावर मोजा. आणि युरियाचा हात आखडता ठेवा. भसाभस वाढलेल्या झाडाचाही दांडा पोकळ निघतो.

आता जाती. ब्रोकोलीत संकरितचा गड्डा सगळ्यात घट्ट आणि सगळे एकाच आठवड्यात तयार. बाजारात विकणाऱ्याला हे सोन्यासारखं. घरच्या चार माणसांना मात्र एकदम एवढी ब्रोकोली खाववत नाही. 'पुसा' थोडी उशिरा आली, पण गड्डा कापल्यावर बगलेतून फुटवे येत राहिले आणि ते पुढे कितीतरी दिवस पुरले. 'वॉल्थम'चं एक झाड दुसऱ्यासारखं नव्हतं, कुणाचा गड्डा तळहाताएवढा तर कुणाचा सुपारीएवढा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत तयार झालेली जात ती, बेळगावात रुसणारच. कुठलीही जात असो, मुख्य गड्डा तिरका काप देऊन काढा, म्हणजे दांड्यावर पाणी साचून कुजत नाही.

केलची गोष्ट वेगळी. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते केलसाठीच. खालची पानं तोडत राहायचं, वरून नवी येत राहतात. नोव्हेंबरअखेरीपासून भाजी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. टस्कन माझ्या मते आपल्या हवेची केल: मार्च-एप्रिलच्या उन्हात ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली पानं जरा लहान आणि निबर झाली, पण झाड हटलं नाही, आणि वळीव पडल्यावर पुन्हा कोवळी फूट आली. 'रेड रशियन' चवीला सगळ्यात मऊ आणि गोड, पण तोडल्यावर अर्ध्या तासात माना टाकते आणि उन्हाळ्यात तिने मैदान सोडलं. कुरळी दिसायला देखणी, आणि तोच तिचा दोष. त्या झालरीत मावा बसला की धुऊनही निघत नाही. मी पुन्हा लावणार नाही.

किडींचं म्हणाल तर चौकोनी ठिपक्याचा पतंग हा इथला कायमचा पाहुणा. कोबी जिथे पिढ्यान्‌पिढ्या, तिथे तोही. कोबीवाल्यांची जुनी युक्ती केली: वाफ्याच्या कडेने मोहरी, रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी पेरलेली, आणि तिची फुलं संपायच्या आत दुसरी ओळ. पतंग आणि मावा दोन्ही आधी मोहरीवर गेले. तरी अळी दिसली तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्क, आणि एकदा बीटी जिवाणूची फवारणी, तीही संध्याकाळी, कारण उन्हात तो जिवाणू टिकत नाही. रासायनिक काही मारलं नाही. पान रोज तोडून खायचं म्हटल्यावर औषधानंतर किती दिवस थांबायचं हे केलमध्ये जमतच नाही.

जुलै-ऑगस्ट मात्र वाईट. गोगलगाई रात्रीतून पानांची चाळण करतात. ओली गोणपाटं पसरून सकाळी त्याखालच्या गोळा करणं हाच उपाय लागू पडला. पानाच्या कडेने इंग्रजी व्हीच्या आकाराचे पिवळे डाग दिसले की तो घाण्या रोग. तसं झाड उपटून लांब नेऊन टाकलं, खतात घातलं नाही. तरी अर्ध्याअधिक टस्कन तगल्या आहेत.

स्वयंपाकघराचा हिशेब. केलची मधली जाड शीर काढलीच पाहिजे, नाहीतर घरात कुणी दुसऱ्यांदा खाणार नाही. बारीक चिरून, लसूण आणि भिजवलेली हरभरा डाळ घालून कोरडी भाजी, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर. शेजारच्या कन्नड अक्कांना पानं दिली, त्यांनी मुगडाळ आणि ओलं खोबरं घालून पल्या केला. तो माझ्या भाजीपेक्षा सरस होता. टस्कनच्या कोवळ्या पानांच्या अळूसारख्या वड्या होतात, घसा खवखवायची भीती नाही. ब्रोकोलीचे तुरे मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, लपलेल्या अळ्या वर येतात. दांडा टाकू नका, सोलून सांबारात घाला. आणि फार शिजवू नका, वास घरभर होतो. एक जपून: या पानांत जीवनसत्त्व के भरपूर असतं. घरात कुणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर रोज ताटात वाढण्याआधी डॉक्टरांना विचारा. आमच्या मामांना ती गोळी आहे, त्यांच्यासाठी प्रमाण ठरवून घेतलं.

बी घरी धरायचं म्हणाल तर ते जमण्यासारखं नाही. केलला फुलायला थंडी लागते, ती इथे पुरत नाही. ब्रोकोली फुलते, शेंगाही धरते, पण आजूबाजूला कुणाचा कोबी किंवा नवलकोल फुलावर असला तर मधमाश्या संकर करून टाकतात, आणि संकरित जातीचं बी तर पुढच्या पिढीत तसं येतच नाही. उरलेलं बी हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवलं आहे, ते तीन-चार वर्षं चांगलं उगवतं. टस्कनच्या बुंध्याला आलेले बोटभर फुटवे मात्र मामांनी ब्लेडने काढून कोकोपीटात सावलीला लावलेत, बहुतेकांना मुळं फुटली आहेत. यंदाच्या केलला बियाण्याचं पाकीट लागणारच नाही असं दिसतंय; ब्रोकोलीसाठी 'पुसा'चं तेवढं आणायचं.