लेव्हर डायल उत्तम, मॅग्नेटिक स्टँड टाकाऊ: क्राऊन-पिनियनची लॅश मोजण्याचा अनुभव

लेव्हर डायल (टोकाची पिन हलली की ती हालचाल सुईने दाखवणारं मोजयंत्र) आणि मॅग्नेटिक स्टँड असा संच घेतला. डायलबद्दल तक्रार नाही. लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ मिमी, रेंज ०.८ मिमी, डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) कामाला एवढं भरपूर झालं. राग आहे तो संचातल्या स्टँडवर. त्याच्या फाइन ॲडजस्टमेंट स्क्रूचे आटे गेले आणि विक्रेता म्हणतो, वॉरंटी फक्त डायलला. बिलावर मात्र पूर्ण संच लिहिलाय!

हा स्क्रू किरकोळ वाटतो, पण सगळं मोजमाप त्याच्यावर उभं आहे. लॅश म्हणजे पिनियन (लहान गिअर) आणि क्राऊन (मोठा गिअर) यांच्या दातांमधला मोकळा खेळ. बऱ्याच गाड्यांना ती साधारण ०.१३ ते ०.२० मिमी लागते (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). तिथे स्टँडच्या सांध्यात ०.०३ चा खेळ असला तरी क्राऊन हलतो तेव्हा थोडी हालचाल सांधाच खातो आणि डायल कमी दाखवतो. डायलवर ०.१७ बघून हौसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) बंद करायचं, आत प्रत्यक्षात ०.२०, म्हणजे मर्यादेच्या काठावर. म्हणून डायल लावल्यावर स्टँडचा हात बोटाने हलकेच ढकलून सोडा. सुई जागेवर परत आली नाही, तर त्या वाचनाला किंमत नाही.

सुरुवातीला वाचनं जुळत नव्हती तेव्हा डायलला मी दोनच स्टार दिले असते. आता साडेचार देतो. लेव्हर डायलची एकच अट: पिन आणि हालचालीची दिशा यांतला कोन काटकोनाजवळ ठेवा. पिन ३० अंशांनी तिरपी बसली तर डायल ०.१७ दाखवतो तेव्हा खरी लॅश ०.१५ च्या आसपास असते. पिन तुटली तर त्याच लांबीची घ्या. लांब पिन टाकली की डायल कमी दाखवतो.

पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) आधी पूर्ण करा, मगच लॅश. पिन दाताच्या बाहेरच्या टोकाला लावा, पिनियन घट्ट धरा, क्राऊन हाताने पुढे-मागे हलवा. एका दातावर भागत नाही, चौफेर चार ठिकाणी घ्या. फरक ०.०५ च्या वर गेला तर ॲडजस्टर (क्राऊन बाजूला सरकवणारा खाचांचा नट) फिरवत बसू नका: क्राऊनच्या बैठकीत कचरा, बर (धातूची वर आलेली कोर) किंवा बोल्ट कमी-जास्त आवळलेले असतात. क्राऊनच्या मागच्या फेसचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) याच डायलने बघता येतो.

लॅश कमी करायची तर पिनियनच्या बाजूचा ॲडजस्टर जेवढे खाचे ढिला, समोरचा तेवढेच खाचे आवळा. नाहीतर साइड बेअरिंगचा प्रीलोड जातो. ॲडजस्टरऐवजी शिम (पातळ चकत्या) असलेल्या हौसिंगमध्ये एका बाजूची ०.०५ शिम दुसरीकडे नेली की लॅश साधारण ०.०४ ने बदलते. बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळल्यावर पुन्हा मोजा, आकडा सरकतोच. शेवटी रंग लावून दातांचा ठसा बघा, कारण लॅश बरोबर असूनही पिनियनची खोली चुकलेली असू शकते.

मॅग्नेट रंगावर, गंजावर नीट धरत नाही, ॲल्युमिनियमवर तर अजिबात नाही. नवा स्टँड घेण्याऐवजी उद्यमनगरातून (छोट्या कारखान्यांच्या वसाहतीतून) दहा मिमी पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. तो हौसिंगच्याच बोल्टच्या भोकात आवळतो, सुई तसूभर सरकत नाही. स्टँडच्या किमतीपुढे खर्च काहीच नाही. संच घेऊ नका, डायल सुटा घ्या, आणि घेतलाच तर स्टँडची वॉरंटी बिलावर वेगळी लिहून घ्या.