मालवण बंदरालगतचे मरीन डिझेल वर्कशॉप : तापणाऱ्या इंजिनाचे निदान

गेल्या ऑक्टोबरात आम्ही गोव्यातून 32 फुटी फायबरची एक वापरलेली बोट विकत घेतली. चार सिलिंडरचे मरीन डिझेल इंजिन घेण्यापूर्वी मांडवीत अर्धा तास चालवून पाहिले होते आणि त्या अर्ध्या तासात तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. ती फेरी कमी वेगाची होती, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. देवबागला आणल्यानंतर तिसऱ्याच दिवशी घरची सहा माणसे घेऊन निवतीच्या दिशेने निघालो. कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर पडून इंजिनाचा वेग मिनिटाला 2,200 फेऱ्यांवर नेला, तर बारा मिनिटांत काटा 96 अंशांवर गेला, भोंगा वाजू लागला आणि इंजिनाच्या झाकणाखालून तापलेल्या रबराचा वास आला. ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असताना, मुले बोटीत असताना, इंजिन बंद करून नांगर टाकण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

पुढच्या तीन आठवड्यांत मी एका मेकॅनिकला दोनदा बोलावले. पहिल्या खेपेस थर्मोस्टॅट बदलला गेला, दुसऱ्या खेपेस तापमापक आणि त्याचा सेन्सर. दोन्ही वेळा खाडीत कमी वेगाने चक्कर मारून काम झाल्याचे सांगण्यात आले आणि दोन्ही वेळा खुल्या समुद्रात काटा पुन्हा चढला. तिसऱ्या वेळी ‘हेड गॅस्केट गेलेले आहे, हेड खोलावे लागेल’ असा सल्ला मिळाला, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण काढून त्याखालची सीलपट्टी बदलायची. त्या खर्चाचा आकडा ऐकल्यावर मी मालवण बंदरालगतच्या या छोट्या वर्कशॉपकडे वळलो. मच्छीमारांच्या बोटींची कामे करणारे हे दुकान आहे, पाटी नाही, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक मेस्त्री आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच काम करतात. ज्यांच्याकडे सध्या अशीच नवी-जुनी बोट आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्यांचे काम तपशीलवार नोंदवतो.

मेस्त्रींनी पाना हातात घेण्यापूर्वी वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारले. काटा सुरू केल्याबरोबर चढतो की काही वेळाने? रिकाम्या चालीवर चढतो की भार पडल्यावर? एक्झॉस्टमधून पडणारे पाणी पूर्वीइतकेच आहे का, धूर पांढरा की काळा, कूलंटची पातळी उतरते का, ऑइल दुधाळ झाले आहे का? मी सगळी उत्तरे दिल्यावर ते म्हणाले, ‘‘आधी पाणी बघूया, मगे इंजिनाक हात लावूया.’’ रिकाम्या चालीवर आणि 1,600 फेऱ्यांपर्यंत काटा 80 अंशांच्या आसपास स्थिर राहत होता, कूलंट कमी होत नव्हते आणि ऑइल स्वच्छ होते. अशा वेळी गॅस्केटपेक्षा खाऱ्या पाण्याच्या वाटेवर संशय घ्यावा, कारण भार वाढला की इंजिनाची उष्णता वाढते आणि अडलेली वाट तेवढे पाणी पुरवू शकत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले.

अशा इंजिनात थंड करणारी दोन पाणी असतात. गोडे पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनाच्या आत फिरते. खारे पाणी बोटीच्या तळाच्या कॉकमधून आत येते, जाळीतून गाळले जाते आणि रबरी इम्पेलरच्या, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या, पंपाने हीट एक्स्चेंजरमधून पुढे ढकलले जाते. तिथे बारीक नळ्यांच्या आरपार ते कूलंटची उष्णता घेते आणि शेवटी एल्बोमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या वाकड्या नळीत, धुराबरोबर मिसळून बाहेर पडते. मेस्त्रींनी याच क्रमाने तपासणी केली. तळाचा कॉक, जाळीच्या झाकणाचे वायसर, पंपाकडे येणारा पाइप आतून चिंबलेला आहे का, हे सारे पाहून झाले. वायसर कडक झालेले होते आणि त्यातून थोडी हवा ओढली जात होती. ते लगेच बदलले, पण एवढ्याने काटा उतरणार नाही हेही स्पष्ट सांगितले.

मला सर्वात मोलाचे वाटले ते त्यांचे मोजमाप. पंपाचा पुढचा पाइप सोडून इंजिन रिकाम्या चालीवर ठेवले, तेव्हा 10 लिटरची बादली 22 सेकंदांत भरली. पाइप जोडून एक्स्चेंजरच्या पलीकडचे तोंड सोडले, तर तीच बादली भरायला 41 सेकंद लागले. दोन्ही चाचण्या मिनिटाच्या आत आटोपल्या, कारण त्या वेळी एक्झॉस्टच्या रबरी पाइपला पाणी मिळत नाही आणि तो जळू शकतो. मग सारे पूर्ववत जोडून, धक्क्याला दोरखंडांनी बांधलेल्या बोटीवर गिअर टाकून भार दिला आणि एक्स्चेंजरच्या दोन्ही तोंडांवर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घेतले. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून टेप. खारे पाणी 29 अंशांवर आत जात होते आणि 52 अंशांवर बाहेर येत होते. पाणी उष्णता भरपूर घेत आहे, म्हणजे नळ्यांच्या भिंती अजून काम करत आहेत, परंतु पाणीच थोडे आहे, हा निष्कर्ष त्यांनी त्या दोन आकड्यांवरून काढला. दोन बादल्या आणि दोन आकडे यांवर जे कळले, त्यासाठी मी तीन आठवडे सुटे भाग विकत घेत होतो.

पंप उघडल्यावर इम्पेलर नवा आणि धडधाकट निघाला. मी सुस्कारा टाकला, पण मेस्त्रींनी विचारले, ‘‘जुनो खंय आसा?’’ विकणाऱ्याने दिलेल्या अवजारांच्या पेटीत तळाशी तो सापडला. बारांपैकी तीन पाती मुळापासून तुटलेली होती. इम्पेलर बदलणाऱ्याने तुटलेली पाती कुठे गेली याचा शोधच घेतला नव्हता. एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण उघडताच दोन तुकडे नळ्यांच्या तोंडावर आडवे बसलेले दिसले, त्यांच्या बाजूला धातूला गंजापासून वाचवायला बसवलेल्या झिंकच्या झिजलेल्या कांडीचे ढेकूळ आणि पांढरी पापडी. तिसरा तुकडा मिळेपर्यंत त्यांनी झाकण बसवू दिले नाही. पुतण्याने पंप आणि एक्स्चेंजर यांच्यामधला पाइप काढून उलटा झटकला, बोट घालून चाचपला आणि वळणात चिकटलेला तो तुकडा बाहेर काढला. तिन्ही तुकडे जुन्या इम्पेलरला लावून पाहिले, तेव्हा कुठे मेस्त्रींच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

नळ्या साफ करायला लोखंडी तार न वापरता माडाच्या झावळीचे हीर वापरले, म्हणजे आतून ओरखडे पडत नाहीत. त्यानंतर सौम्य केलेल्या ॲसिडने पापडी उतरवली, भरपूर गोड्या पाण्याने धुतले आणि हवेचा दाब देऊन एक्स्चेंजर पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिले, कारण एखादी नळी फुटली असती तर खारे पाणी कूलंटमध्ये शिरले असते. एल्बोही काढायला लावला. गंज आणि काजळी साचून त्याच्या आत अंगठा जाईल एवढीच वाट उरली होती. तो साफ करण्याजोगा नव्हता, नवा घ्यावा लागला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एल्बो मुंबईहून यायला अकरा दिवस गेले आणि त्या काळात माझे फोन बहुतेक वेळा उचलले गेले नाहीत. बिल एका चिठ्ठीवर एकरकमी मिळाले. मजुरी किती आणि भाग किती हे मला विचारून लिहून घ्यावे लागले. बोट भरतीच्या वेळीच धक्क्याला लावता येते, त्यामुळे दिवस त्यांच्या नव्हे तर पाण्याच्या वेळापत्रकावर ठरतो. पैशांच्या बाबतीत मात्र तक्रार नाही: हेड खोलण्यासाठी जो आकडा मला सांगितला गेला होता, त्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी खर्चात, नव्या एल्बोसह, काम पूर्ण झाले.

चाचणीला मेस्त्री स्वतः आले. खाडीत फिरून परतण्यास त्यांनी साफ नकार दिला. निवतीच्या दिशेने 2,200 फेऱ्यांवर पाऊण तास बोट चालवली, काटा 82 अंशांवर राहिला, आणि एक्स्चेंजरमधून बाहेर येणारे खारे पाणी आता 40 अंशांच्या आतच होते. परत आल्यावर कूलंटची टोपी तापलेली असताना उघडू नका, दाबाखालचे कूलंट अंगावर उसळते, असे त्यांनी मला आणि माझ्या खलाशाला दोनदा बजावले. नंतर पुतण्याने लाल रंगाने पंपाच्या झाकणावर ‘12 पाती’ असे लिहिले, आणि एक सुटा इम्पेलर, एक झिंकची कांडी व वायसर असे पुडके बांधून ते त्याच अवजारांच्या पेटीत ठेवले.