ब्लू-रे प्लेअर टीव्हीला नव्हे, थेट रिसीव्हरला: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरातील शास्त्रीय संगीताच्या सीडी, बऱ्याच डीव्हीडी आणि मोजक्या ब्लू-रे डिस्क एकाच यंत्रावर लावता याव्यात, म्हणून गेल्या पावसाळ्याआधी आम्ही मध्यम किमतीचा ब्लू-रे प्लेअर घेतला आणि तो आधीपासून असलेल्या ५.१ एव्ही रिसीव्हरबरोबर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांना आवाज देणारा, चित्र-ध्वनीच्या जोडण्या घेणारा अ‍ॅम्प्लिफायर) वापरू लागलो. प्लेअरच्या मागे एचडीएमआय, कोअ‍ॅक्सियल (एका वायरीतून फक्त डिजिटल ध्वनी देणारे) आणि लाल-पांढऱ्या पिनांचे अ‍ॅनालॉग असे तीन आउटपुट आहेत. तिन्ही पुरेसे वापरून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, आवाज कसा मिळेल हे प्लेअरच्या किमतीपेक्षा तो कुठे आणि कसा जोडला आहे, यावर अधिक ठरते.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने प्लेअर टीव्हीला जोडला आणि टीव्हीचा आवाज एआरसीमार्फत, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट दिशेने, रिसीव्हरकडे नेला. आजकाल बहुतेक घरांत हीच पद्धत दिसते. चित्राबाबत तक्रार नव्हती. पण रिसीव्हरच्या डिस्प्लेवर नुसते ‘पीसीएम’ (असंकुचित डिजिटल ध्वनी) येई आणि मागचे स्पीकर मुके राहत. एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आलेल्या एआरसीमधून दोन चॅनेलचा पीसीएम किंवा डॉल्बी डिजिटलसारखा संकुचित ध्वनीच जातो. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दर्जा न घटवणारे ध्वनिप्रकार मूळ रूपात त्यातून जात नाहीत. ते नेणारे ई-एआरसी हे २०१७ च्या एचडीएमआय २.१ चे वैशिष्ट्य आहे आणि आमचा टीव्ही त्याआधीचा आहे. शिवाय बाहेरून आलेला ५.१ ध्वनी पुढे देताना काही टीव्ही त्याचे स्टिरिओत रूपांतर करतात, आणि आमचा टीव्ही त्यांपैकीच निघाला. प्लेअरची केबल थेट रिसीव्हरच्या इनपुटला आणि रिसीव्हरचे आउटपुट टीव्हीला जोडल्यावर त्याच डिस्कसाठी डिस्प्लेवर ‘डॉल्बी ट्रूएचडी’ उमटले, आणि संवाद मधल्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येऊ लागले.

जोडणीनंतर प्लेअरच्या मेनूतील दोन सेटिंग पाहणे आवश्यक आहे. डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’वर (डिस्कवरचा ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पाठवणे) ठेवावे आणि दुय्यम ध्वनी (समालोचन, मेनूचे आवाज) मिसळण्याचा पर्याय बंद करावा, तो चालू राहिल्यास अनेक प्लेअर मूळ ध्वनीऐवजी साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पाठवतात.

सीडीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि आमच्या घरात सीडीच सर्वांत जास्त लागते. सीडीवर ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटचा दोन चॅनेलचा ध्वनी असतो. तो तिन्ही मार्गांनी विनासायास जातो, त्यामुळे कागदोपत्री फरक पडू नये. प्रत्यक्षात एचडीएमआयवर सीडी लावली की रिसीव्हरला संकेत ओळखायला क्षणभर लागतो आणि तेवढा वेळ तो आवाज बंद ठेवतो. चित्रपटाच्या डिस्कवर हे जाणवतही नाही. पण ख्यालाच्या सीडीत तानपुऱ्यावर लागलेला पहिला षड्जच कापला जातो, आणि ज्याला ती बैठक पाठ आहे, त्याला ते फार खुपते. कोअ‍ॅक्सियलवर आमच्या रिसीव्हरला हा वेळ जवळजवळ लागत नाही. म्हणून रिसीव्हरमध्ये ‘सीडी’ नावाच्या इनपुटला कोअ‍ॅक्सियल नेमून दिले आहे, चित्रपटांसाठी एचडीएमआयचे इनपुट निराळे ठेवले आहे, आणि एकाच प्लेअरचे हे दोन मार्ग आता सुखाने नांदत आहेत. यासाठी महागड्या केबलची गरज नाही. कोअ‍ॅक्सियल जोडणीला ७५ ओहमची केबल लागते, आणि जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर येणारी, पिवळ्या पिनेची चांगली व्हिडिओ वायर कमी अंतरासाठी उत्तम चालते.

अ‍ॅनालॉग जोडणीत सुरुवात अजिबात कापली जात नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र अनेक एव्ही रिसीव्हर आत आलेला अ‍ॅनालॉग ध्वनी प्रक्रियेसाठी पुन्हा डिजिटल करतात. ते टाळायचे असेल, तर ‘डायरेक्ट’ मोड लावावा लागतो, आणि आमच्या रिसीव्हरवर त्या मोडमध्ये सबवूफर बंद होतो. साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असणाऱ्यांना हा प्रश्न येणार नाही आणि त्यांनी लाल-पांढरी वायर निःशंकपणे वापरावी. फक्त ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटला ती लावू नये, कारण ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असते आणि सीडी प्लेअरचे आउटपुट साधारण २ व्होल्टचे असते.

अ‍ॅनालॉग वापरताना शांत जागी एक बारीक, सलग घूं घूं ऐकू येत असे. वायर बदलून उपयोग झाला नाही. सेट-टॉप बॉक्सला भिंतीतून येणारी केबल काढताच ती थांबली. इमारतीची केबल आणि आमचा वीजजोड यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने ५० हर्ट्‌झची ही गुणगुण रिसीव्हरमध्ये शिरत होती. ऑप्टिकल केबलमधून विद्युतप्रवाह जात नसल्याने आता सेट-टॉप बॉक्स फक्त तिनेच रिसीव्हरला जोडला आहे आणि त्याचे चित्र थेट टीव्हीकडे जाते. अशी गुणगुण थांबवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते जिवावर बेतू शकते आणि कोणीही करू नये.

एक उणीव मात्र जोडणीने भरून निघत नाही. या प्लेअरला समोर डिस्प्ले नाही आणि रिमोटवर आकड्यांची बटणेही नाहीत. सीडी आत घातली की ती पहिल्या ट्रॅकपासून आपोआप सुरू होते, परंतु विलंबित सोडून थेट द्रुत ऐकायचे असेल, तर कितवा ट्रॅक चालू आहे हे पाहण्यासाठी टीव्ही लावावा लागतो. ज्यांचा संग्रह मुख्यतः सीडींचा आहे, त्यांनी खरेदीपूर्वी यंत्राचा दर्शनी भाग अवश्य पाहून घ्यावा.