भूमध्य समुद्र की कॅरिबियन? शिडाच्या बोटीवरचं पहिलं वर्ष, कागदपत्रांच्या बाजूने

मुलाबाळांसह बोटीवर राहायचं पहिलं वर्ष कुठे काढावं, भूमध्य समुद्रात की पूर्व कॅरिबियनमध्ये, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे आणि त्याची मुदत कधी संपते? वारा, नांगर टाकायच्या जागा, मरीनाचे दर यांवर भरपूर बोललं जातं. आमचा मुक्काम मात्र दर वेळी कागदांनीच ठरवला. कटकट दोन्हीकडे आहे, पण तिची जात वेगळी. भूमध्य समुद्रात दिवस मोजावे लागतात, कॅरिबियनमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या खेपा.

आधी भूमध्य समुद्र, कारण गैरसमज तिथले जास्त. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, बाहेरच्या माणसाला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. आल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. समजा 1 मे रोजी ग्रीसमध्ये शिरलात आणि तिथेच रमलात. 29 जुलैला तुमचे 90 दिवस भरले, आणि पुढचा दिवस मिळायला 28 ऑक्टोबर उजाडतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी वारा जोरात वाहतो. तो ओसरल्यावरचा सप्टेंबर लहान मुलांसाठी सगळ्यात सुखाचा, पाणी उबदार आणि गर्दी कमी. नेमका तोच हातचा जातो. म्हणून मी असं सुचवेन: मे आणि जून ग्रीसमध्ये (61 दिवस), जुलै-ऑगस्ट तुर्कीत, आणि उरलेले 29 दिवस सप्टेंबरसाठी राखून ठेवायचे.

बोटीचं घड्याळ माणसांपेक्षा निराळं चालतं. बोट युरोपीय संघाबाहेर नोंदलेली असेल आणि मालकही बाहेरचा रहिवासी असेल, तर व्हॅट न भरता ती 18 महिने ठेवता येते. कोस, सिमी, रोड्स या ग्रीक बेटांवरून तुर्कीचा किनारा समोर दिसतो. रीतसर नोंदी करून बोट तिकडे नेली आणि परत आणली की तिचे 18 महिने नव्याने सुरू होतात. माणसांचे 90 दिवस तसे नव्याने सुरू होत नाहीत. ‘एकदा तुर्कीला जाऊन आलं की झालं’ हे वाक्य मी धक्क्या-धक्क्यावर ऐकलंय. ते बोटीपुरतं खरं आहे. त्यावर विसंबून मुलांना घेऊन परत शिरू नका.

क्रोएशियाबद्दलची जुनी माहितीही तपासून घ्या. 1 जानेवारी 2023 पासून तो देश शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दिवस थांबवायला तिथे जाण्याची जुनी युक्ती संपली. माँटेनेग्रो, अल्बेनिया, तुर्की आणि ट्युनिशिया अजून बाहेर आहेत. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची संगणकावर नोंद ठेवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पुसट शिक्क्यांवरून अधिकाऱ्याने दिवस मोजायचा काळ सरला. मला हे बरंच वाटतं, निदान हिशेबावरून वाद तरी होणार नाही.

या बदल्यात मिळतं काय, तर एकदा आत शिरलं की शांतता. इटलीहून फ्रान्सला जाताना पासपोर्ट काढून रांगेत उभं राहावं लागत नाही. ग्रीसमध्ये 7 मीटरपेक्षा लांब बोटींना तेपाई नावाचा कर आहे, तो ऑनलाइन भरता येतो. तुर्कीत ट्रान्झिट लॉग, म्हणजे बोटीच्या प्रवासाचा परवाना, एजंट करून देतो. कॅप्टनचं आयसीसी (बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र आणि विम्याचा स्थानिक भाषेतला अनुवाद जवळ ठेवा, विचारणा होते.

आता कॅरिबियन. ग्रेनाडापासून अँटिग्वापर्यंतच्या बेटांच्या माळेत जवळजवळ दर मुक्कामाला देश बदलतो. पोचल्यावर ‘अजून प्रवेशाची परवानगी मिळालेली नाही’ असं सांगणारा पिवळा क्यू झेंडा चढवायचा, सगळ्यांनी बोटीवरच थांबायचं, आणि कॅप्टनने एकट्याने कागद घेऊन डिंगीने (बोटीसोबतच्या छोट्या होडीने) किनारा गाठायचा. कस्टम्स, इमिग्रेशन, काही ठिकाणी बंदर अधिकारीही. निघताना बहुतेक ठिकाणी पुन्हा तेच. मागच्या बंदराचा निर्गमन दाखला नसेल तर पुढच्या बंदरात अडलातच. आठ देश केलेत तर सोळा खेपा धरून चाला. सेलक्लिअर या संकेतस्थळावर माहिती आधी भरून ठेवता येते, त्याने लिखापढी वाचते, जाणं वाचत नाही. शनिवार-रविवारी किंवा वेळेबाहेर पोचलात तर जादा शुल्क पडतं.

एका खेपेला आमचा अर्धा दिवस गेला, आणि चूक आमचीच होती. मुलीचा पासपोर्ट नुकताच नवा केला होता, पण छापून ठेवलेल्या क्रू लिस्टवर, म्हणजे बोटीवरच्या सगळ्यांच्या यादीवर, जुनाच नंबर राहिला होता. समोर निळं पाणी, मुलं लाइफजॅकेट घालून तयार, आणि पिवळा झेंडा वर असल्याने कुणालाच उतरता येईना. त्या दिवसापासून क्रू लिस्ट मी दर बंदराला नव्याने छापते.

मार्टिनिक आणि ग्वादेलूप मात्र सुखद अपवाद. तिथे दुकानातल्या संगणकावर स्वतःच अर्ज भरून प्रिंट काढायची. ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथले दिवस युरोपातल्या 90 मध्ये धरले जात नाहीत. पण ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी जपावं: साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. पोर्तो रिको किंवा अमेरिकेच्या ताब्यातली व्हर्जिन बेटं यादीत असतील तर त्याहून जास्त जपा. विमानाने जाताना ज्यांचं फक्त इस्टा या ऑनलाइन परवानगीवर भागतं, त्यांनाही स्वतःच्या बोटीने जाताना अमेरिकेचा खरा व्हिसा लागतो, मुलांनासुद्धा.

चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. या काळात बोट कोणत्या अक्षांशाच्या दक्षिणेला हवी हे बहुतेक विमा करारांत लिहिलेलं असतं. ती ओळ सही करण्याआधी वाचा. आणि दक्षिणेला आहोत म्हणून निर्धास्त राहू नका: 1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, म्हणजे मोसमाचा पहिला महिना संपता संपताच, दक्षिणेच्या टोकाला.

माझं मत विचाराल तर घरात कुणालाही शेंगेन व्हिसा लागत असेल, किंवा मुलं लहान असून दिवस न मोजता संथ राहायचं असेल, तर पहिल्या वर्षी कॅरिबियन निवडा. खेपा कंटाळवाण्या आहेत, पण वेळेत, नीट कागद घेऊन गेलं की त्या पार पडतात. बेटाबेटातली अंतरं बरीचशी उजेडात कापता येतात. बेटांमधल्या सामुद्रधुन्यांत लाटा उसळतात, मुलांना उलट्या होतील, तेवढी तयारी ठेवा. बोट आधीच युरोपात असेल, किंवा घरातल्या सगळ्यांकडे युरोपीय पासपोर्ट असतील, तर निव्वळ कागदांच्या भीतीने भूमध्य समुद्र सोडू नका. पण आईकडे युरोपीय पासपोर्ट आणि बाबांकडे नाही, असं असेल तर निघण्यापूर्वी वकिलाशी बोलून घ्या.

कुठेही जा, मुलांचे पासपोर्ट निघण्याआधी नवे करा. अनेक देशांत ते पाचच वर्षांचे मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणजे हातात साडेचारच वर्षं. जन्मदाखल्यांच्या प्रती आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्रही पाण्यापासून जपलेल्या पाकिटात असू द्या. एखाद्या टप्प्यावर दोघांपैकी एकालाच विमानाने पुढे जावं लागतं, आणि मग मुलांसोबत बोटीवर राहिलेल्याला ते मागतात.