एमपीएलएस की दोन ब्रॉडबँडवर एसडी-वॅन?

पुण्याचं ऑफिस, चाकणचा प्लांट आणि नाशिकला अंबडमधलं युनिट. या तिघांना जोडायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. आधी सगळीकडे एमपीएलएस होती, म्हणजे टेलिकॉम कंपनीकडून घेतलेली शाखा जोडणारी खासगी लाइन. नाशिकला अडीच वर्षांपूर्वी एसडी-वॅन (साध्या ब्रॉडबँडवरून शाखा जोडणारी यंत्रणा) लावलं, चाकण अजून जुन्यावरच. त्यामुळे दोन्हींचं पाणी रोजच्या रोज जोखतोय.

एमपीएलएसवर अन्याय करायचा नाही. आवाजाच्या बाबतीत तिच्या तोडीचं मी काही पाहिलेलं नाही. कॉलला बँडविड्थ लागतेच किती! जी.७११ या नेहमीच्या कोडिंगमधला ६४ केबीपीएसचा आवाज हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वगैरे) धरून ८५-९०पर्यंत जातो, बस. पण सेकंदाला ५० पॅकेट एका तालात पोचावी लागतात. ताल चुकला की ‘हॅलो, हॅलो’ सुरू. एमपीएलएसवर आवाजाच्या पॅकेटला मारलेला ईएफचा, म्हणजे ‘याला आधी सोडा’ असा शिक्का शेवटपर्यंत पाळला जातो. उघड्या इंटरनेटवर त्याच शिक्क्याला वाटेत कुणी विचारत नाही.

मग नाशिकला सोडली का? व्हिडिओमुळे.

शाखांना वेगळं इंटरनेट नव्हतं, सगळं पुण्याच्या फायरवॉलमधून. ईआरपीचा (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर पुण्यात होता तोवर हे शोभलं. मग मेल क्लाउडवर गेला, मीटिंगा टीम्सवर गेल्या. एकदा नाशिकचा क्वालिटीवाला कास्टिंगमधली चीर ग्राहकाला कॅमेऱ्यावर दाखवत होता. ग्राहक सातपूरला, जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर. चित्र मात्र अंबडहून पुण्याला, तिथून बाहेर इंटरनेटवर आणि फिरून परत नाशिकला. निव्वळ द्राविडी प्राणायाम! त्यात पुण्यात कुणीतरी मोठा बॅकअप लावलेला. ऐन चीर दिसायच्या वेळी चित्र गोठलं. ग्राहक म्हणाला, “राहू द्या, मी स्कूटरवर येतो.” आणि वीस मिनिटांत आला. माझा निकाल तिथेच लागला. लाइन १०ची २० एमबीपीएस करायला दीड महिना सांगितला होता, आणि करूनही वळसा तोच राहणार होता. शाखेत वेगळं इंटरनेट घेऊन एमपीएलएसही ठेवता येते. तेही चार महिने केलं, पण कुठलं ट्रॅफिक कुठून सोडायचं हे हाताने सांभाळताना जीव मेटाकुटीला आला.

एसडी-वॅनचा डबा तेच काम स्वतः करतो. दोन ब्रॉडबँडची नाडी सतत बघतो, विलंब किंवा पॅकेटची गळती वाढली की चालू कॉल दुसऱ्या लाइनवर सरकवतो. मीटिंगचा व्हिडिओ शाखेतूनच थेट बाहेर पडतो. कॉलमध्ये अधूनमधून एखादं अक्षर खाल्लं जातं, हे मान्य. संध्याकाळी ड्रॉइंग अपलोड होताना जास्त. अपलोडला लगाम घातल्यावर बरंच कमी झालं. चाकणशी बोलून लगेच नाशिकशी बोललो की माझ्या कानाला फरक कळतो. आमच्या साहेबांना अजून कळलेला नाही.

एक ठेच मात्र खाल्ली. दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या म्हणून निश्चिंत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर जेसीबी आला आणि दोन्ही लाइनी एकदमच गेल्या. बिलं दोन, चर एकच! आता दुसरी लाइन वायरलेस आहे. ऑर्डर देण्याआधी केबल कुठल्या बाजूने येते ते गेटपाशी उभं राहून स्वतः बघा.

पैशांचं म्हणाल तर नाशिकचं महिन्याचं बिल निम्म्याच्या आत आलं, पण डब्याचं वार्षिक लायसन्स धरलं की बचत वाटते तेवढी उरत नाही. बाहेरच्या फोनची ३० चॅनेलची पीआरआय (एकाच वेळी ३० कॉल नेणारी फोन लाइन) पुण्यात होती तशीच आहे.

दिवसभर फोनवर बोलण्याचाच धंदा असेल, किंवा सर्व्हर अजून हेड ऑफिसातच असेल, तर एमपीएलएस मोडायची घाई मी तरी करणार नाही. बाकीच्यांनी सगळ्यात लांबच्या शाखेत एक पावसाळा डबा लावून पाहावा. चाकणचा करार मार्चपर्यंत आहे. नूतनीकरणाचा मेल दोनदा येऊन गेला, अजून उत्तर दिलेलं नाही.