प्रायमिंगची साखर: बाटलीत गोळी टाकायची की बादलीत पाक?

घरी केलेल्या बिअरमधला हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचेची नळी) तीन दिवस एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलाय, म्हणजे आंबणं संपलंय, बाटल्या धुऊन झाल्यात, आता प्रश्न एवढाच की प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत गॅस धरावा म्हणून घालायची ती थोडी साखर घालायची कशी. इकडे युकेत दोन पंथ आहेत. एक, प्रत्येक बाटलीत एक कार्बोनेशन ड्रॉप, म्हणजे ती साखरेची गोळी. दुसरा, साखरेचा पाक करून नळवाल्या बादलीत ओतायचा, त्यावर सगळी बिअर सायफनने घ्यायची आणि मग नळाखाली बाटल्या धरत सुटायचं. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीतनं पिण्यासारखी बिअर निघते, त्यामुळे पुढे जे बोलेन ते फार मनाला लावून घेऊ नका.

(महाराष्ट्रातनं वाचणाऱ्यांनी नुसतं वाचा, तिकडे बिनपरवाना घरी बिअर बनवणं कायद्यात बसत नाही. इकडे 1963 पासून घरच्यापुरती बनवायला लायसन्स लागत नाही, विकायची मात्र नाही.)

गोळीची बाजू आधी. दुसरी बादली नको, जास्तीचं सायफनिंग नको, गोळी टाका, बिअर भरा, झाकण दाबा, संपलं. आणि बिअर एकदा कमी हलवली की हवाही कमी लागते, जे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर असलेल्या आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल बिअरला खरंच मानवतं, नाहीतर महिन्याभरात तो ताजा वास जातो आणि रंगही मातकट व्हायला लागतो. छोट्या फ्लॅटात राहत असाल, किचनमध्ये दोन बादल्या ठेवायला जागा नसेल, तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. किरकोळ कटकट म्हणजे सॅनिटायझरने ओल्या असलेल्या बाटलीच्या मानेत गोळी चिकटते, मग चमच्याच्या दांड्याने ढकला, दांडा परत सॅनिटायझरमध्ये बुडवा, पुढची बाटली. पण ते सवयीने जमतं.

जे जमत नाही ते वेगळंच आहे. आपल्या बाटल्या येतात कुठून? आपणच प्यायलेल्या बिअरमधनं. आणि इथली एल बहुतेक 500 मिलीत मिळते, लागर आणि नव्या पद्धतीच्या क्राफ्ट बिअर बऱ्याचदा 330 मध्ये, म्हणजे घरी जमलेला माल कायम मिसळच असतो. गोळी असते साधारण 3 ग्रॅमची. 330 मध्ये एक टाकली की लिटरमागे 9 ग्रॅम साखर झाली, 500 मध्ये तीच गोळी म्हणजे 6 ग्रॅम. एकाच फर्मेंटरमधली (आंबवायच्या भांड्यातली) बिअर, आणि साखर दीडपट! 500 मध्ये दोन टाकाल तर लिटरला 12, ते साध्या बाटलीत मी तरी करणार नाही, गॅसच्या दाबाने बाटली फुटायची. आणि गोळी अर्धी करायला गेलात तर तिचे कधीच दोन सारखे तुकडे होत नाहीत, एक तुकडा फरशीवर जातोच.

आता तुम्ही म्हणाल इतका फरक कुणाला कळतो. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण बिटरची (कमी गॅसची इंग्रजी एल) एक छोटी आणि एक मोठी बाटली शेजारी शेजारी ओतून बघा. मोठीतली शांत बसते, वर बोटभर फेस. छोटीतला ग्लास अर्धा फेसानेच भरतो, तो खाली बसायची वाट बघायची, आणि प्यायल्यावर जिभेवर सोड्यासारखं चुरचुरतं, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) गोडी कुठच्या कुठे. घरी आलेल्या मित्राने दोन्ही चाखून विचारलं, ही दुसरी बॅच का रे? तिथे माझं मन गोळीवरनं उडालं ते उडालंच. बॅच एक तर चव एक असावी एवढीच माझी अपेक्षा आहे, बाकी मी फार चोखंदळ नाही.

पाकात हा प्रश्नच येत नाही, कारण साखर बिअरमध्येच आहे, बाटली कुठलीही घ्या. शिवाय बिअरप्रमाणे साखर ठरवता येते. 20 डिग्रीला आंबवलेल्या बिअरमध्ये थोडा गॅस आधीच विरघळलेला असतो तो धरून मी बिटरला लिटरमागे साडेचार-पाच ग्रॅम घेतो, पेल एलला 6, आणि व्हीट (गव्हाच्या) बिअरला 10 च्या आसपास, पण मग त्या जाड जर्मन बाटल्याच. हिशोब फर्मेंटरमधल्या पूर्ण 23 लिटरवर करू नका, गाळ मागे राहतो, बादलीत 21 च्या आसपास येते, तेवढ्यावर करा. म्हणजे बिटरला साधारण 100 ग्रॅम साधी साखर, पावशेर पाण्यात उकळायची. तार-बिर बघायची नाही, गुलाबजामचा पाक नाही हा. तो आधी बादलीच्या तळाला, मग वरनं बिअर, नळीचं टोक तळाशी कडेला आडवं ठेवलं की बिअर गोल फिरत चढते आणि पाक आपोआप मिसळतो. काहीजण म्हणतात पहिल्या बाटल्या फुस्स आणि शेवटच्या ज्वालामुखी होतात, मला तसा अनुभव फारसा नाही, तरी एकदा लांब चमच्याने हळू ढवळतो, खळबळ न करता.

जाच आहे तो धुण्याचा. बादली, नळी, सायफन, आणि भरताना सांडतं ते वेगळंच, त्यावर उपाय म्हणजे डिशवॉशरचं दार उघडून त्यावर बाटल्या ठेवून भरायच्या, सांडलेलं सगळं त्यातच. घरात त्यावरनं थोडं ऐकून घ्यावं लागतं.

तेव्हा तुमच्या सगळ्या बाटल्या एकाच मापाच्या असतील आणि बिअरही दरवेळी साधारण तीच, तर गोळ्या घ्या, बिनधास्त. फक्त 5 लिटरचीच बॅच करत असाल तर दोन्ही सोडा, पाकात पाणी घालून असा करा की 10 मिली पाक एका लिटरला पुरेल, आणि लहान मुलांच्या औषधाबरोबर येते त्या सिरिंजने (नवी, धुतलेली) 500 च्या बाटलीत 5 मिली, 330 मध्ये तीनच्या जरा वर. बाकीच्यांनी निदान एक बॅच पाकावर करून बघायला हरकत नाही. बादली घेताना मात्र दुकानातच नळ पूर्ण खोलून बघा, सगळे भाग सुटे होत नसतील तर ती घेऊ नका, आतल्या खाचेत बिअर वाळून बसते आणि पुढच्या बॅचला आंबूस वास तिथूनच लागतो.