सज्ञान सावत्र मुलगा: दत्तक घ्यायचा की मृत्युपत्र करायचं?

नागपूरच्या महाल भागातल्या दुकानाच्या किल्ल्या ज्याच्या खिशात असतात, तो 26 वर्षांचा मुलगा कायद्याने सावत्र वडिलांचा वारस नसतो. ते मृत्युपत्र न करता गेले, तर दुकानावर हक्क आईचा आणि इतर वारसांचा, त्याचा नाही. हे फार बोचतं.

दत्तकाचा मार्ग भावनेला जवळचा, पण काटेरी. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार मूल 15 वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. रूढी असेल तरच सूट. जुन्या मुंबई प्रांतातली कोणत्याही वयात दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केली आहे. मात्र नागपूर नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं. त्यामुळे एखादा नाराज पुतण्या ‘ही रूढी इथली नाही’ म्हणत कोर्टात जाऊ शकतो. वडिलांना स्वतःचा मुलगा हयात असेल, तर विषयच संपला. शिवाय दत्तक गेल्यावर जन्मदात्या वडिलांच्या कुटुंबाशी कायदेशीर नातं तुटतं.

मृत्युपत्राला वयाची, लग्नाची अट नाही. वडिलांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरेत. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. तरी दुय्यम निबंधकाकडे करावीच. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

माझं मत स्पष्ट आहे: आधी मृत्युपत्र. दत्तक घेतल्यावरही वडील मालमत्ता दुसऱ्याला देऊ शकतात, म्हणून दत्तकपत्र झालं तरी मृत्युपत्र हवंच.